बायपोलरवर संशोधन करायचंय, पण नागपूर सोडता येत नाही: करिअर होईल का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नागपुरातच एमबीबीएसची इंटर्नशिप करताहेत. मोठ्या भावाला बायपोलर आहे (उदासी आणि उन्माद आळीपाळीने येणारा मनाचा आजार), काही वर्षांपासून त्यावरचं लिथियम हे औषध सुरू आहे. यांना मानसोपचारात एमडी करून नैराश्य आणि बायपोलरवर संशोधन करायचंय. वडील निवृत्त, भावाकडे बघणारं दुसरं कोणी नाही, म्हणून शहर सोडणं शक्य नाही. सीनियर सांगतात, संशोधन करायचं तर बंगळूर गाठ नाहीतर परदेश, इथे नुसती ओपीडी उपसावी लागते. घरचे म्हणतात एमडीला मेडिसिन शाखा घे, घरात एक दुखणं आहे तेवढं पुरे. आणि सगळ्यात शेवटी, जरा बिचकत, एक ओळ: मलाही हा आजार होईल का?

मी नागपुरात बरीच वर्षं मानसोपचार करतोय. आधी शिकवण्याची नोकरी होती, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे, आणि मूड डिसऑर्डरचे (नैराश्य, बायपोलर) रुग्ण हा दोन्हीकडचा समान धागा. तेव्हा माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

संशोधन म्हटलं की इंटर्नच्या डोळ्यांपुढे जनुकं, एमआरआय आणि काचेच्या दारांची प्रयोगशाळा येते. ते काम मोठ्या केंद्रांचंच आहे, त्यात सीनियर चुकीचं सांगत नाहीत. २०२१ मध्ये बायपोलरशी संबंधित ६४ जनुकीय जागा जाहीर झाल्या. त्यासाठी सुमारे ४२ हजार रुग्णांचे नमुने लागले, आणि ते सगळे युरोपीय वंशाचे होते. असल्या कामात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेतला प्राध्यापकसुद्धा मोठ्या गटातला एक असतो. तुमचा जीव त्यातच अडकला असेल तर निदान काही वर्षं बाहेर पडावंच लागेल. त्याला पळवाट नाही.

पण याच आजारांत दुसरं काम पडून आहे. आजार वर्षानुवर्षं कसा चालतो, कोणाला कोणतं औषध लागू पडतं, चांगलं चाललेलं औषध लोक का सोडतात, पहिल्या लक्षणापासून योग्य निदान होईपर्यंतची मधली वर्षं कुठे जातात. याला यंत्रं लागत नाहीत. तोच रुग्ण, तोच डॉक्टर आणि नीट ठेवलेला केसपेपर लागतो. बायपोलरमध्ये फॉलो-अप हेच संशोधनाचं सगळ्यात मोठं हत्यार आहे असं माझं मत आहे, आणि ज्याला शहर सोडायचं नाही त्याच्या हातात ते आपोआप येतं. वापरायचं की गंजू द्यायचं, एवढंच मग उरतं.

हे नागपूरच्या प्रेमापोटी म्हणत नाही. या आजाराचं निदानच काळावर उभं आहे. उदास, गप्प, झोप उडालेला माणूस समोर बसलाय. त्याला नुसतं नैराश्य आहे की बायपोलरमधलं नैराश्य, हे त्या दिवशीच्या तपासणीवरून खात्रीने कोणी सांगू शकत नाही. बायपोलरची सुरुवात पुष्कळदा नैराश्यानेच होते. मेनियाचा, म्हणजे उन्मादाचा, पहिला झटका कित्येकदा काही वर्षांनी येतो. तोवर रुग्ण नुसत्या अँटिडिप्रेसंटवर, म्हणजे नैराश्यावरच्या गोळीवर, असतो, आणि काहींना त्या गोळीवरच मेनिया उफाळून येतो. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. आधी काय झालं ते खोदून काढायचं आणि पुढे काय होतं ते बघत राहायचं.

हे शास्त्र असंच उभं राहिलं. १८५४ मध्ये पॅरिसच्या फालरेने उदासी आणि उन्माद आळीपाळीने येणाऱ्या एकाच आजाराचं वर्णन केलं, कारण त्याने तेच रुग्ण पुन्हापुन्हा पाहिले होते. जर्मनीतला क्रेपेलिन प्रत्येक रुग्णाचं कार्ड करायचा, सुटून गेलेला रुग्ण परत आला की त्यात भर घालायचा, आणि ही कार्डं लावून बघत बघत १८९९ मध्ये त्याने ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ आजार वेगळा काढला. १९६६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आंग्स्टने आणि स्वीडनमधल्या पेरिसने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, नुसतं नैराश्य आणि बायपोलर यांची फारकत दाखवली. त्यांचाही आधार आजाराची चाल आणि घराण्याचा इतिहास हाच होता.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. मदुराईत डॉ. वेंकोबा राव होते. महानगर नाही, राष्ट्रीय संस्था नाही. नैराश्याच्या १२२ रुग्णांचा त्यांनी केलेला पाठपुरावा १९७७ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीत छापून आला. आणि अगदी दारातलं सांगायचं तर ‘विश्राम’ प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि २०१७ मध्ये ते लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आलं. तिथे गावातल्याच माणसांना शिकवून दारोदार पाठवलं होतं. उलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. नैराश्यात ८५ टक्के आणि बायपोलरमध्ये ७० टक्के लोक उपचारांविना आहेत, असं आपण भाषणांत ठोकून देतो, ते आकडे त्या सर्वेक्षणातले आहेत. आपल्या मातीतले आकडे कोणीतरी गोळा करायला नकोत का?

आता हे काम रोजच्या ओपीडीत कसं दिसतं ते सांगतो, कारण करिअर कसं असेल ते त्यातूनच कळेल.

नवीन रेसिडेंटला (एमडी करणाऱ्या डॉक्टरला) मी आधी लाइफ चार्ट काढायला शिकवायचो. कागदावर आडवी रेघ, तिच्यावर वर्षं. मेनिया रेघेच्या वर, नैराश्य खाली, सगळ्यात तळाला औषधं. दिसायला सोपं. पण ‘कधीपासून त्रास आहे’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘झाले असतील चार-पाच वर्षं.’ त्यावर चार्ट होत नाही. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराची आई आठवते (तपशील बदललेत). तारखा तिला सांगता येत नव्हत्या, पण सण आणि बहार पाठ होते. ‘पोळ्याच्या आधीपासून झोपून नाही राहिला होता साहेब. गावातल्या साऱ्या जोड्यांना झुली आणल्या, उधारीवर. मारबतीच्या दिवशी तर बोलून बोलून आवाज बसला त्याचा.’ मग आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे बागेचं रोखून धरलेलं पाणी पुन्हा सोडायची वेळ आली, म्हणजे जानेवारी, तेव्हा हा खाटेवरून उठेना. बाग तशीच वाळत राहिली. पोळा ते जानेवारी, एक मेनिया आणि पाठोपाठ एक नैराश्य, कागदावर आलं. मग अजून मागे गेलो. बारावीच्या परीक्षेला हा बसलाच नव्हता. घरात त्याला ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणत. त्याआधी जामसावळीच्या मारुतीला नेऊन आणलं होतं, ताजबागेच्या दर्ग्यातही बसवलं होतं. आजार तीन वर्षांचा म्हणून आलेला माणूस चार्ट पुरा होईपर्यंत चौदा वर्षांपासूनचा रुग्ण निघाला.

अशी चौकशी करायला पाऊण तास लागतो आणि बाहेर रांग असते. म्हणूनच ती सहसा होत नाही, आणि म्हणूनच जो करतो त्याच्याकडे असा माल जमतो जो मोठ्या केंद्रालाही सहज मिळत नाही. तिथे पाच राज्यांतून रुग्ण येतो आणि पुष्कळदा परत येत नाही.

दुसरं उदाहरण लिथियमचं, तुमच्या घरातलंच. १९४९ मध्ये मेलबर्नजवळच्या एका छोट्या रुग्णालयात जॉन केडने मेनियाच्या दहा रुग्णांना ते दिलं आणि निकाल छापला. एकट्या माणसाने आडगावी शोध लावला म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगतात. पुढचा भाग गाळतात. त्याचा पहिला रुग्ण, जो आश्चर्यकारक सुधारला होता, तो पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेने गेला. रक्तातली पातळी मोजून डोस ठरवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. १९५४ मध्ये डेन्मार्कमध्ये शाऊने रीतसर चाचणी केली, पुढे पातळी मोजणं रूढ झालं, आणि अमेरिकेने १९७० मध्ये मान्यता दिली. शोध लागल्यापासून औषध विश्वासाने देता येईपर्यंत वीसेक वर्षांचा पाठपुरावा आहे.

नागपुरात या पातळीला एक जादा शत्रू आहे, तो म्हणजे मे महिना. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. घामाने, उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. पारा पंचेचाळीसच्या आसपास, रुग्ण बांधकामावर, त्यात गुडघा दुखतो म्हणून मेडिकल स्टोअरमधून घेतलेली डायक्लोफेनॅक. पातळी ०.६ ते १.० च्या दरम्यान हवी, ती तोच डोस चालू असताना १.५ च्या पलीकडे जाऊ शकते. मी दर भेटीला केसपेपरच्या मागे रुग्णाची सही घेतो. एकाखाली एक सह्या येतात. फेब्रुवारीपर्यंत सरळ असलेली शिरोरेघ मे मध्ये करवतीच्या दातांसारखी दिसली, म्हणजे हात थरथरायला लागला, की रिपोर्टची वाट न बघता आधी गोळी थांबवतो आणि रक्त पाठवतो. भावाच्या बाबतीत हे लक्षात ठेवा: उन्हाळ्यात पाणी भरपूर, मीठ अचानक बंद करायचं नाही, दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आणि पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं.

आता यात एमडीच्या थीसिसचा विषय दिसतोय का बघा. तेच रुग्ण, तोच डोस, हिवाळ्यातली पातळी आणि उन्हाळ्यातली पातळी. खर्च जवळपास शून्य, कारण तपासणी एरवीही करायचीच असते. विदर्भाइतकी चांगली जागा या अभ्यासाला कुठे मिळेल?

याउलट बहुतेक थीसिस असे असतात: मधुमेहाच्या शंभर रुग्णांना पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरायला द्यायची, दहा किंवा जास्त गुण आले की नैराश्य, टक्केवारी काढायची, संपलं. मी परीक्षक म्हणून असे गठ्ठे वाचलेत. ती प्रश्नावली चाळणी आहे, निदान नव्हे, आणि बायपोलरमधलं नैराश्य ती वेगळं काढू शकत नाही. असे अभ्यास होत राहतात कारण पदवीसाठी थीसिस लागतो आणि बढतीसाठी शोधनिबंध. त्यात रेसिडेंटचा दोष कमी, व्यवस्थेचा जास्त. पण तुम्ही आधीच संशोधनाचं मनात धरून येताय, तर त्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

पोटापाण्याचं बोलू. एमडी तीन वर्षांची. प्रवेशपरीक्षा एम्ससाठी आयएनआय-सीईटी, इथल्या बाकी कॉलेजांसाठी नीट-पीजी. नागपूर आणि सेवाग्राम-सावंगीचा पट्टा धरला तर घर न मोडता शिकण्यासारखे पर्याय आहेत, पण कुठे किती जागा हे बदलत राहतं, प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या वेळची यादीच खरी. पुढे ढोबळमानाने दोन वाटा. एक शिकवण्याची नोकरी. पगार बेताचा, पण विभाग, रेसिडेंट, आचारसमिती आणि शेजारी पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागातला संख्याशास्त्र जाणणारा माणूस, हे सगळं मिळतं. या शेवटच्या माणसाशी आकडे गोळा करायच्या आधी बोला. गोळा झाल्यावर गेलात तर तो फक्त सांत्वन करू शकतो. दुसरी वाट धंतोली-रामदासपेठेतल्या प्रॅक्टिसची. मानसोपचारात आता कमाई चांगली आहे, रुग्णांना तोटा नाही, आणि नेमकं म्हणूनच संशोधन मागे पडतं. मी दुसऱ्या वाटेवर असूनही थोडंफार करतो, पण एखाद्या कॉलेजशी जोडून घेऊनच, कारण आचारसमितीच्या मंजुरीशिवाय रुग्णांची माहिती संशोधनासाठी वापरता येत नाही. नुसत्या संशोधनावर घर चालेल अशी जागा नागपुरात दिसत नाही. रोजी क्लिनिकल कामातून येईल, संशोधन त्याच्या कुशीत वाढेल, हे आत्ताच पचवा. ते पचत नसेल तर मात्र सीनियर म्हणतात ते बरोबर.

यातलं बरंच परिस्थितीवर आहे. रँक काय येते, गाइड कोण मिळतो, भावाचा आजार पुढची तीन वर्षं किती स्थिर राहतो. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी तुम्ही घरी फक्त झोपायला याल, कधी तेही नाही. औषधं कोण देईल, फॉलो-अपला कोण नेईल, झोप कमी झाली तर कोणाच्या लक्षात येईल, हे आधी ठरवा. पुढे कधी काही महिन्यांसाठी बाहेर जाऊन एखादं तंत्र शिकून येण्याची सोय होऊ शकते. शहर सोडणं म्हणजे कायमचंच सोडणं, असं काही नाही.

म्हणजे इथवरचं असं: जनुकं-मेंदूचं काम हवं असेल तर बाहेर जा, आजाराची चाल आणि उपचार यांवर काम करायचं असेल तर इथे राहणं फायद्याचं, पण दोन्हीकडे आधी चांगला क्लिनिशियन व्हावं लागेल.

संमतीबद्दल वेगळं लिहितो, कारण याच क्षेत्रात ती अवघड आहे. मेनियातला माणूस कशावरही आनंदाने सही करतो. ‘साहेब, माझ्यावर पुस्तक लिहा, माझी किडनीपण घ्या.’ खोल नैराश्यातला माणूस ‘तुम्हाला हवं ते करा’ म्हणून सही करतो. दोन्ही सह्या कागदावर वैध दिसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निर्णयक्षमता हा मुद्दा मध्यभागी आणलाय, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) त्याच वर्षीची मार्गदर्शक तत्त्वंही वाचून ठेवा. माझा रिवाज असा की झटका ओसरल्यावर पुन्हा बसवून विचारायचं, आणि नाही म्हणाला तर त्याची माहिती अभ्यासातून काढायची. काही जण नाही म्हणतात. उपचार तसेच चालू राहतात, आणि तसं त्याला तोंडाने सांगावंही लागतं, नाहीतर तो यायचाच बंद होतो.

याच कारणाने भावाला तुमच्या अभ्यासातला रुग्ण करू नका, त्याचे डॉक्टरही होऊ नका. त्याची गोळी दुसऱ्या कोणीतरी लिहायची. घरात तुम्ही भाऊ म्हणूनच लागता. त्याचा फायदा इतर रुग्णांना होईल: नातेवाइकांना काय विचारायचं हे घरात आजार पाहिलेल्याला शिकवावं लागत नाही. मुलाखतीत मात्र ‘भावामुळे या क्षेत्रात आलो’ हे सांगायचं की नाही हा निर्णय एकट्या तुमचा नाही, त्याचाही आहे. त्याला विचारा.

आणि ती शेवटची ओळ. सर्वसाधारण लोकांत बायपोलरची शक्यता साधारण एक टक्का धरतात. सख्खा भाऊ, आई किंवा वडील यांना असेल तर ती पाच ते दहा टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे वाढते हे खरं, पण दहातल्या नऊ जणांना होत नाही हेही खरं. मानसोपचार निवडल्याने ती वाढत नाही आणि मेडिसिन घेतल्याने कमी होत नाही. जास्त महत्त्वाची आहे झोप. ज्याच्यात मुळातच प्रवृत्ती आहे त्याला सलग रात्रीची जागरणं झटक्यात ढकलू शकतात, आणि जागरणं मेडिसिनच्या रेसिडेन्सीत सायकिअ‍ॅट्रीपेक्षा बरीच जास्त असतात. घरच्यांना हे सांगून बघा. कधी आठवडा-दोन आठवडे कमी झोपूनही थकवा येत नाहीये, उलट हुशारी वाढल्यासारखी वाटतेय, असं जाणवलं तर थांबून एखाद्या सहकाऱ्याला दाखवा. वर्षातून एकदा तसंही दाखवायला हरकत नाही.

सीट भरण्याआधी एक काम करा. जी दोन-तीन कॉलेजं डोळ्यांसमोर आहेत तिथल्या सायकिअ‍ॅट्री ओपीडीत एकेक सकाळ बसून या. विभागप्रमुखांना भेटा, पण खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडून मिळेल. त्याला विचारा, मूड डिसऑर्डरचं वेगळं क्लिनिक आहे का, आणि तीन वर्षांपूर्वीच्या रुग्णाचा पेपर काढायचा झाला तर किती वेळ लागतो. तो उठून पाच मिनिटांत पेपर घेऊन आला तर बाकी गैरसोयी सोसून तिथेच घ्या. ‘जुने पेपर रुग्णाकडेच असतात’ असं उत्तर आलं तरी लगेच नाकारू नका. पहिल्या दिवसापासून स्वतःची नोंदवही ठेवायची, प्रत्येक रुग्णाच्या दोन नातेवाइकांचे फोन नंबर घ्यायचे आणि ती वही कुलपात ठेवायची, एवढी तयारी असेल तर तिथेही जमेल. लिथियम क्लिनिकबद्दल किंवा थीसिसच्या आराखड्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर इथेच खाली लिहा. फक्त भावाचं नाव किंवा रिपोर्ट टाकू नका.